सेल्फ लागतो, गाडी चालू होत नाही

तीर्थस्वरूप दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार (कंबरेला पट्टा असल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं धरून चालावं). तुमचा रक्तदाब आणि वहिनींचे गुडघे ताळ्यावर असतील अशी आशा आहे. आम्ही दोघं बरे आहोत. अक्षर मोठं आणि ओळी तिरक्या दिसतील, पण तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीस वर्षं लोकांना तिरकं जाताना पाहिलं आहे, तेव्हा सांभाळून घ्याल.

आमची डिझेलची व्हॅन मात्र अठरा दिवस झाले अंथरुणाला खिळली आहे. सेल्फ मारला की इंजिन फिरतं, नुसतं फिरत राहतं, चालू काही होत नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केलेल्या मेकॅनिकच्या दारात त्याचीच गाडी अशी पडून राहिली, की येणाराजाणारा डॉक्टर होतो. शेजारचे निवृत्त हेडक्लार्क मोबाइलमध्ये बघून सांगायला आले, की स्पार्क प्लग बदला. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, मग तेच कारण असेल. मी त्यांना चहा दिला.

आता हे निदान एकट्याने होत नाही. एकाने आत बसून किल्ली फिरवायची आणि दुसऱ्याने सायलेन्सरमागे उकिडवं बसून धूर बघायचा. पांढरा धूर आला तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, आणि धूरच आला नाही तर डिझेल पोचतच नाही. गॅरेजात हाताखाली माणसं होती, घरात फक्त तुमची बहीण. चौतीस वर्षांच्या संसारात ही बाई ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसलेली नव्हती. (दोष माझाच. तुम्ही तिला शिकवायला निघाला होतात, तेव्हा दोन ब्रेकच्या गाडीत शिकलेली माणसं जन्मभर दुसऱ्याच्या ब्रेकवर जगतात, असं मी भर पंक्तीत बोललो होतो. तुम्ही विसरला नसाल. तीही विसरलेली नाही.) पहिल्या दिवशी तिने सीटवर उशी ठेवली, चप्पल बाहेर काढली आणि आरसा स्वतःच्या उंचीला लावून घेतला. गाडी जागची हलणार नव्हती, तरीही.

मी मागून ‘मार’ म्हणतो, ती ‘आता?’ विचारते, मी ‘आताच’ म्हणतो, मग ती मारते. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही हे सांगितल्यापासून ती मोठ्याने आकडे म्हणते, आणि सात-आठच्या मध्ये कुठेतरी पाठ दुखत नाही ना, हेही विचारून घेते. धूर आला नाही. टाकी पाहिली, भरलेली. फिल्टर बदलला. पाइपात हवा धरली असेल म्हणून हातपंप दाबून दाबून अंगठा सुजवला. इंजेक्टरचे नट सैल केले, तर तिथे ठणठणीत कोरडं. रोज एक तपासणी, दुपारी चारच्या चहाआधी. गॅरेजात हे सगळं मी तासाभरात उरकलं असतं, हे तुम्ही तिला सांगू नये.

एक गोष्ट मला या वयात कळली. बॉनेट उघडं असलं की काचेतून पलीकडचं माणूस दिसत नाही, आणि तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. नवव्या दिवशी ती आतून म्हणाली, की गॅरेज जोरात होतं त्या वर्षांत ती रोज दोन ताटं वाढून ठेवायची आणि शेवटी एकटीच जेवायची. मला खरोखर माहीत नव्हतं. मी बॉनेटखालून म्हणालो, “चुकलंच माझं.” आत किल्ली खुळखुळली. मग ती म्हणाली, “मारू का?”

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, आणि तुम्ही मीठ कमी खा.

तुमचा,
एकाच ब्रेकवाला

ता. क. : तुमच्यापासून काय लपवायचं. बिघाड मला दुसऱ्याच दिवशी सापडला. डिझेलच्या पंपावर एक झडप असते. किल्ली फिरवली की ती टक् करून उघडते आणि डिझेल आत सोडते. ते टक् ऐकू येत नव्हतं. फ्यूजच्या डबीवरून बोट फिरवलं, तर एक खाच रिकामी. फ्यूज आपण होऊन उठून जात नाही, तुमच्या बहिणीने काढला. नेमका कोणता काढायचा हे तिला कुणी शिकवायला नको, चौतीस वर्षं जेवताना मी दुसरं बोललोय काय? तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नजरेचा मधला भाग गेला, परत येणार नाही, गाडी चालवू नका. घरी मी थेंब दिलेत म्हणून सांगितलं. मग वीसेक दिवसांपूर्वी फाटकाच्या खांबाला गाडी घासली. खांबच पुढे आलाय असं मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी गाडी चालू होईना. मला राग यायला हवा होता, दादा. पण गाडी बंद आहे म्हणून चालवत नाही, असं म्हणता येतं तोवर मला आता दिसत नाही, असं म्हणावं लागत नाही. तिने माझी लाज राखली आहे. मला कळलंय हे तिला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा : तपासण्या संपल्या. आता पंप उतरवणं तेवढं राहिलं आहे, आणि चांगला पंप उगाच उतरवायला माझा हात धजत नाही. तुम्ही या आणि तिला गाडी शिकवा. मी शिकवलं तर ओरडेन. मी मागे बसेन, तोंडातून ब्र काढणार नाही. हे तुमच्याच मनात आलं असं दाखवा, आणि हे पत्र फाडून टाका.

दादा, हे अक्षर माझं आहे. पाकिटावर पत्ता लिहायला यांना जमेना, म्हणून पत्र माझ्याकडे आलं. वाचू नकोस असं दोनदा बजावलं, म्हणून वाचलं. त्यांना सापडलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. तिसऱ्या दिवसापासून ते गाडीचं सगळं उघडून बघतात, फ्यूजची डबी तेवढी सोडून. ते औषधं घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांनी मलाही आत बोलावून सगळं सांगितलं होतं. तू ये, वहिनीला आण, चार दिवस राहा. गाडी मी शिकणार आहे. पण शिकवायचं त्यांनी. गिअर चुकला की त्यांना कानाने कळतं, डोळे कशाला लागतात. आणि ओरडतील म्हणून तू मध्ये पडू नकोस. डॉक्टरांकडून आल्यापासून ते माझ्यावर एकदाही ओरडलेले नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटते.