मैदानाचा खालचा कोपरा

१ जुलै
क्रीडाशिक्षकांची बदली झाली. नवे सर येईपर्यंत मुलांना बॉल द्या, हजेरी घ्या, असं प्राचार्य मॅडम म्हणाल्या. म्हणजे कोच मीच. बावीस वर्षं या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारतोय, फुटबॉल कळायला आणखी काय लागतं?

मारुंजीच्या कॉलेजचा कोच कोंडाजी. माझा साडू. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला सात-शून्य हरवलं, त्याचं काही नाही. पण मेव्हण्याच्या मुलाच्या बारशात सगळ्यांसमोर म्हणाला, "शंभू पाव्हणं, तुमच्या गोलकीपरला चष्मा घेऊन द्या. बॉल दिसत न्हाई त्याला." सगळी सासुरवाडी हसली. आशालतासुद्धा. बायकोने तरी हसायला नको होतं.

मनात राग नाही. फक्त न्याय हवा. सकाळी भैरवनाथाचा जप केला, एकशे आठ वेळा. मध्ये चाळीसेक वेळा कोंडाजीचं तोंड आलं.

१४ जुलै
पायात ताकद हवी. संघाला घोटावड्याला माझ्या खाचरात नेलं आणि भातलावणीला लावलं. गुडघाभर चिखलात चार तास. असा सराव कुठला कोच देतो? अर्धा एकर उरकला. हृतिकने बॉल कुठंय विचारलं. मी म्हणालो, धीर धर.

१५ जुलै
हजर तीन. बाकीच्यांना ताकद येत असावी.

९ ऑगस्ट
पहिला सामना. शून्य-चार. मुद्दाम आपले डाव दाखवले नाहीत.

३० ऑगस्ट
शून्य-तीन. एक गोल कमी झाला. या हिशेबाने नोव्हेंबरपर्यंत आम्ही जिंकायला लागतो.

२१ सप्टेंबर
एक-पाच. आमचा एक गोल त्यांच्याच बॅकने केला. दबाव आमचाच होता.

५ ऑक्टोबर
मारुंजीशी सामना अठरा नोव्हेंबरला, आपल्या मैदानावर. देव आहे.

हे मैदान म्हणजे पूर्वीची दोन खाचरं. ओढ्याकडचा कोपरा उतरता, पाणी तिथेच साठतं. मारुंजीची पोरं हिरव्या गालिच्यावर खेळणारी, चिखल त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिलेला. आमची लावणी केलेली. पहिल्या हाफमध्ये तो कोपरा आम्ही घ्यायचा आणि टिकायचं. दुसऱ्यात ते रुततील.

देवळात कौल लावला. गेणबा गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. मी मनात म्हणालो, नाथा, कोंडाजीला माझ्यासमोर घोटाभर चिखलात उभा कर, अकरा नारळ फोडीन. उजवं फूल लगेच पडलं, म्हणजे देवाचा होकार. गेणबाने काय मागितलं विचारलं. सगळ्यांचं कल्याण, म्हणालो.

१८ नोव्हेंबर, पहाटे ५
खालच्या कोपऱ्यात पाइप सोडला. मनात सूड नाही. पाणी आपोआप उताराला जातं.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ
सविस्तर लिहितो, म्हणजे मन हलकं होईल.

टॉस कोंडाजीच्या पोरांनी जिंकला आणि वरची बाजू घेतली. माझ्या मनासारखंच झालं. पण लावणी करताना माणूस मागे मागे सरकतो, हे माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. चिखलात पाय पडला की आमचे बॅक सवयीने मागे सरकायचे. हृतिक तर बॉल घेऊन सरळ आपल्याच गोलात गेला. शून्य-सहा.

मी शांत होतो. आता त्यांची पाळी होती.

मध्यंतरात पंच त्या कोपऱ्यात जाऊन आले. कुणाचा पाय मोडेल, हे बुजवा नाहीतर सामना थांबवतो, म्हणाले. मॅडमनी मैदानाचा माणूस कोण, असं विचारलं आणि स्वतःच माझ्याकडे पाहिलं. मी फावडं घेतलं. मुरमाचा ढीग लांब होता आणि वेळ पंधरा मिनिटं. आमची पोरं बसून केळी खात होती.

तेवढ्यात कोंडाजी पँट दुमडून, घमेलं घेऊन आला.

"पाव्हणं, तुमी भरा, मी टाकतो. कमरंचं दुखणं हाय तुमाला, लई वाकू नका."

मी भरत राहिलो. तो माझ्यासमोर घोटाभर चिखलात उभा होता. देवळाच्या कळसाकडे पाहिलं. नाथाने शब्द पाळला होता.

दुसऱ्या हाफमध्ये त्यांचं कुणी घसरलं नाही. शून्य-नऊ. मुरूम मात्र उत्तम बसला.

२० नोव्हेंबर
नवे सर रुजू झाले. मॅडमनी कोपऱ्याचं काम चांगलं झाल्याचं सांगितलं. सामन्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

अकरा नारळ फोडले. गेणबाने विचारलं, "मागितलं ते मिळालं का?" मिळालं म्हणालो. खोटं कसं बोलणार, देवळात होतो.

आशालताने अर्धा प्रसाद बहिणीकडे, हेमलताकडे पाठवला. म्हणजे कोंडाजीकडे.

२३ नोव्हेंबर
भात कापायला आलं. संघाला निरोप दिला होता, कुणी आलं नाही. कोंडाजी आणि हेमलता विळे घेऊन आपणहून आले. खाचर पाहून तो म्हणाला, "लावणी झ्याक केलीया पोरांनी. कोच चांगला हाय." तोंडावर हसू होतं का, ते उन्हामुळे दिसलं नाही.

आज त्याला दाखवायचंच ठरवून कापणीसाठी त्याच्या शेजारची पात, म्हणजे ओळींचा पट्टा, धरली. नाथाचं नाव घेऊन विळा चालवला.

दुपारी भाकरीला बसताना मोजलं. त्याच्या सात पाती कापून झाल्या होत्या. माझी पहिलीच चालू होती. कंबर धरली होती.