सेल्फचं मशीन

५ ऑगस्ट २०२४

आज उजवा हात खांद्याच्या वर गेलाच नाही. सदरा तहमीनानं चढवला – बायकोकडून सदरा घालून घ्यायची पाळी आली! कंपनीत कुणाला कळता कामा नये. बागेचं कंत्राट बदललंय. नवे पृथ्वीराज साहेब म्हणाले, लॉनवर आता एकच माळी ठेवायचा, मशीन चालवेल तो. म्हणजे मी नाहीतर म्हाळू. म्हाळू माझ्याहून बारा वर्षांनी लहान, अंगानं दणकट. मी एकोणीस वर्षं इथलं गवत कापतोय. त्या वर्षांचं काय लोणचं घालू?

७ ऑगस्ट

जुनं मशीन भंगारात निघालं. नवं मीच निवडायचं म्हणे, अनुभव माझा जास्त. बरं झालं! दोरी ओढून चालू करायचं घेतलं तर मी संपलोच. बटण दाबलं की सुरू – सेल्फचंच घेणार.

८ ऑगस्ट

शिक्रापूरला जाऊन आलो. दुकानात सहा-सात मशीनं होती. पातं पाहिलं, गवताची पिशवी पाहिली, कापायची उंची कमीजास्त करून पाहिली, सगळं डाव्या हातानं. शेवटी विचारलं, "सेल्फ हाय ना?" दुकानदार म्हणाला, "व्हय, सेल्फच हाय." दोरी दिसत होती. पण मोटारसायकलला सेल्फ असला तरी किक असतेच, तसंच असेल म्हटलं.

९ ऑगस्ट

मशीन आलं. बटण कुठंच नाही! म्हाळूनं दोरी ओढली, पहिल्याच झटक्यात सुरू. मग कागद वाचून मला सांगितलं, "चांदभाई, हे आपलं आपण पुढं चालतंय, आपलं आपण चालू व्हत न्हाई." आणि हसला. म्हणजे सेल्फ म्हणजे ढकलायला लागत नाही, एवढंच. गाढव मी. स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

११ ऑगस्ट

म्हाळू रोज माझ्याआधी येतो आणि मशीन चालू करून ठेवतो. साहेबांनी बघावं म्हणूनच. मेला!

१३ ऑगस्ट

झेंडावंदनाच्या आधी निकाल लावायचा म्हणे. उद्या दोघांनी मशीन चालू करून दाखवायचं. तहमीना म्हणते, खांद्याचं खरं ते सांगून टाका. सांगितलं की घरी बसलोच. तिला काय जातंय बोलायला. नाही, असं लिहायला नको होतं. रात्री खांदा तीच शेकते.

१४ ऑगस्ट

मशीन म्हाळूनंच शेडमधून बाहेर आणलं. आधी मी. डाव्या हातानं ओढली, दोरी अर्धीच आली. साहेबांच्या कपाळाला आठी. मग म्हाळू पुढं झाला. मी मनातल्या मनात त्याला नको नको ते बोललो. त्यानं ओढली. पुन्हा ओढली. दहा-बारा वेळा ओढून घामाघूम झाला, मशीन ढिम्म!

"साहेब, मशीनच खराब हाय," तो म्हणाला. "चांदभाईंनी कितीबी जोर लावला असता तरी न्हाई झालं चालू. बटनाचं मागवा."

साहेबांनी तिथूनच दुकानात फोन लावला – हे परत न्या, बटणाचं पाठवा. कोण राहणार ते नवं आल्यावर बघू म्हणाले.

१४ ऑगस्ट, संध्याकाळ

टेंपोत चढवायच्या आधी मशीन पुसायला घेतलं. प्लगची टोपी नुसती वर टेकवलेली होती – अशानं ठिणगीच पडत नाही, कुणीही ओढलं तरी मशीन चालू होत नाही. सकाळी मी ती माझ्या हातानं दाबून बसवली होती. त्यानंतर शेडमध्ये फक्त म्हाळू गेला होता.