टाळी न वाजवल्याबद्दल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, एका हाताने होतो तेवढा. तुझी तब्येत बरी असेल, निवृत्तीनंतर दुपारची झोप लागत असेल आणि माझ्यावरचा राग थोडा तरी निवळला असेल, अशी आशा. अक्षर तुझ्या भावजयीचं आहे. सांगतोय मी, लिहितेय ही. कंसात काही दिसलं तर ते हिचं, त्याची जबाबदारी माझ्याकडे नाही. (बाकीच्याची माझ्याकडे नाही.)

तू आत्याला म्हणालीस म्हणे की धाकट्याला माझं कौतुक बघवत नाही. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तुझ्या सत्कारात मी मानपत्र डाव्या हाताने दिलं, तू हात पुढे केलास तरी माझा उजवा कोटाच्या खिशातच राहिला, सगळा हॉल टाळ्या वाजवत असताना मी खांबासारखा उभा होतो आणि मग तुला न भेटताच निघून गेलो. हे सगळं खरं आहे. पण त्याचं कारण मत्सर नाही, चहा आहे.

हॉलच्या मागच्या खोलीत पाहुण्यांसाठी चहा उकळत होता. सांडशी समोर दिसत असताना मी हातरुमालाने पातेलं उचललं (नेहमीप्रमाणे) आणि अर्धा चहा उजव्या हातावर घेतला. नळ शेजारीच होता. भाजलेल्यांच्या डॉक्टरचा भाऊ म्हणून मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन की भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि दुसरं काहीही फासायचं नाही. पण बाहेर माझं नाव पुकारलं होतं. वीस मिनिटं कुठून आणू? तेवढ्यात हॉलच्या राखणदाराने मोठ्या प्रेमाने आपली टूथपेस्ट पुढे केली, आणि बुडत्याला काडीचा आधार म्हणून मी ती मनगटापर्यंत फासली. (अर्धी ट्यूब. कोटाच्या खिशातला डाग अजून निघत नाहीये.)

आणि मग माझं भाषण. त्यातलं सगळ्यात जोरदार वाक्य कुठलं, तर 'ताईने या शहरातली टूथपेस्ट दातांपुरती ठेवली'. हॉल हसला, तूही हसलीस, आणि माझ्या खिशातून पुदिन्याचा वास येत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. इथे पाषाण ओला होता, एवढाच फरक.

पहिल्या रांगेत तुझे पेशंट बसले होते. ज्याची एकमेकांना चिकटलेली बोटं तू सोडवलीस आणि नंतर महिनोन् महिने ज्याच्याकडून कणीक मळून घेतलीस, तो आचारी टाळ्या वाजवत होता. जिचं ड्रेसिंग ओढून न काढता तू पाणी सोडत, गप्पा मारत बसायचीस, ती शिंपीणबाई होती. तिचे तळवे आता एकमेकांवर नीट बसत नाहीत, तर तिने मनगटांवर टाळ्या वाजवल्या. त्यांना हात तू परत दिलेस. तुझ्या सख्ख्या भावाचे दोन्ही हात जन्मापासून धड, आणि नेमकी त्यालाच टाळी वाजवता आली नाही. ताई, याचं मला फार वाईट वाटतं. तू काही पुन्हा निवृत्त होणार नाहीस.

तिथेच हात दाखवला असता तर तू मानपत्र खाली ठेवून मला नळापाशी नेलं असतंस, हे मला ठाऊक होतं. पण तुझ्या सत्काराच्या दिवशी टूथपेस्ट फासलेला पेशंट घरातलाच निघावा, ही शोभा मला नको होती. म्हणून पळालो.

तुझा,
धाकटा

ता. क. हात उत्तम आहे. (नाही.)

ता. क. इथल्या कुठल्याच डॉक्टरकडे जाता येत नाही. सगळे तुझ्या हाताखाली शिकलेले. टूथपेस्ट म्हटलं की ते आधी तुलाच फोन लावतील. तेव्हा तुझ्या कपाटात एखादं मलम उरलं असेल तर कुणाबरोबर तरी पाठव.

ता. क. वन्सं, आता कंस नाही. हे मी तुमच्या फाटकाशी गाडीत बसून लिहितेय. पत्र पेटीत टाकून परत फिरायचं, असं यांना वाटतंय. मी बेल वाजवणार आहे. गाडी मीच चालवत आणली, कारण यांना स्टिअरिंग धरवत नाही. दोन बोटं मिटत नाहीत. त्याचं काही वाटत नाही यांना, येताजाता एकच घोकतात, ताई आता बोलणार नाही. आधी हात बघा. मग रागवा, अगदी पोटभर रागवा. तुम्ही रागावलात की यांना बरं वाटेल.