चार नंबरचा बेड रिकामाच आहे

६ एप्रिल
आले बाई एकदाची! नवी नोकरी, नवा गणवेश आणि थेट आयसीयू. होस्टेलच्या खोलीत हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात, पण खोली माझी एकटीची आहे, कुणाचं घोरणं नाही की कटकट नाही. बाबा आणि आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला. लॉकडाऊन उठेपर्यंत घरी जायचं नाही. बाबांना एक झटका आधीच येऊन गेलाय, त्यात माझ्या अंगावरून आणखी काही घरी न्यायला नको. रोज फोन करायचा असं ठरलंय. आज बाबांनी विचारलं जेवलीस का, मी विचारलं गोळ्या घेतल्या का, आणि दोघंही बेधडक खोटं बोललो.

आमचा आयसीयू साथीचा नाही. ते पेशंट पलीकडच्या इमारतीत, तिथे पाय ठेवायला जागा नाही. आमच्याकडे हार्ट अटॅक, पक्षाघात, अपघात वगैरे. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, एरवी इथल्या सहापैकी एक बेड मिळवायला लोक कुणाकुणाचे वशिले लावतात. आज सहाही रिकामे. आमचे डॉक्टर सतत जांभया देतात. म्हणाले, सगळं शहर ठणठणीत झालंय, उद्या येताना पत्ते घेऊन ये.

९ एप्रिल
अजून एकही पेशंट नाही. तरी शिस्त म्हणजे शिस्त. सकाळी आल्या आल्या सहाही बेडचे मॉनिटर चालू करायचे, वायरी आकड्याला अडकवून ठेवायच्या, चादरी ताणून घालायच्या. माणूस आला की एक क्षण वाया जायला नको, असं मोठ्या सिस्टरांचं म्हणणं. मावशी फरशी पुसतात आणि माझ्याशी भांडतात. मी ओल्या फरशीवरून चालते म्हणे. मग काय उडत जाऊ?

दुसरं काम फोनचं. वरून सूचना आहे, कुणी विचारलं तर सांगायचं, अगदीच गरज असेल तरच या, नाहीतर घरीच थांबा. कुणाची छाती जड झालेली, कुणाचा हात बधिर. मी सांगते आणि पलीकडचा माणूस सुटल्यासारखा फोन ठेवतो. त्यांनाही यायचं नसतंच. इथे आलं की साथ लागणार, असं प्रत्येकाच्या डोक्यात बसलंय. आता ते वाक्य माझ्या तोंडातून आपोआप निघतं. परवा मोबाईलवर बाबांशी बोलताना मध्येच वॉर्डचा फोन वाजला, त्यावर ते म्हटलं, तर बाबांनी माझी नक्कल करून दाखवली.

डॉक्टरांनी आज विनोद केला नाही. म्हणाले, हार्ट अटॅक काही सरकारी हुकमाने बंद होत नसतात. मग ही माणसं गेली कुठे?

१३ एप्रिल
आज एक विचित्रच झालं. दुपारी चार नंबरच्या मॉनिटरवर रेघ सुरू झाली. बेड रिकामा, वायरी आकड्यालाच लटकलेल्या. मला वाटलं विजेचा घोळ असेल. डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांची जांभई अर्ध्यावरच थांबली. म्हणाले, हा अटॅक आहे, ताजा, पुस्तकात असतो तसा. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. रेघ धडपडली, वेडीवाकडी झाली आणि चहाच्या सुमारास सरळ झाली.

तंत्रज्ञ आला, मशीन उघडून बघितलं, काही नाही म्हणाला. त्याच वेळी मावशी माझ्यावर ओरडल्या, पेशंटच्या बेडवर लोळतेस, लाज नाही वाटत? मी हात लावून पाहिला. चादर घामाने भिजली होती. मी त्या बेडवर बसलेसुद्धा नव्हते.

१५ एप्रिल
खाली एक बाई आली होती. नवरा घरीच गेला, परवा. दुपारी छातीत दुखायला लागलं आणि चहा ठेवला तोवर संपलंसुद्धा, असं सांगत होती. डॉक्टरांनी तिला वेळ पुन्हा पुन्हा विचारली. शेवटी ती चिडली. म्हणाली, मी इथे फोन केला होता, एका मुलीने सांगितलं गरज असेल तरच या. मला कसं कळणार गरज म्हणजे केवढी?

मी मास्क लावून तिच्यासमोर उभी होते. वर येऊन बाथरूममध्ये खूप रडले.

१६ एप्रिल
मोठ्या सिस्टरांना पलीकडच्या इमारतीत पाठवलं. आता आम्ही तिघंच.

सकाळी दोन नंबरच्या मॉनिटरवर रेघ आली, मग परत चारवर. या क्षणी शहरातल्या कुठल्यातरी घरात कुणीतरी छाती धरून बसलंय, घरचे त्याला पाणी देतायत, आणि आम्ही इथे त्याचा जीव जाताना बघतोय. घर कुठलं ते माहीत नाही! मी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला निघा म्हटलं. त्याने विचारलं, कुठे? काय सांगू, कपाळ?

फोनवर आता मी सगळ्यांना या म्हणते, आत्ताच्या आत्ता या, म्हणून ओरडते. आज एक माणूस मलाच समजावत होता, की बाई, शांत व्हा, आम्ही घरीच बरे आहोत.

१८ एप्रिल
चारवर रेघ आली आणि मी ठोके मोजायला लागले. दोन ठोके बरोबर, एक चुकलेला, मग दोन घाईघाईने. ही चाल मला पाठ आहे. गेल्या वर्षी बाबांच्या उशाशी बसून हेच तर बघत होते. हृदय लंगडतंय त्यांचं.

फोन केला. बाबा म्हणाले ॲसिडिटी आहे, सोडा घेतलाय. घाम येतोय का विचारलं, तर उकडतंय म्हणाले. मी रडले, चिडले, हात जोडले. तर म्हणतात, तूच सांगतेस ना सगळ्यांना घरीच थांबा म्हणून. मग तुझ्या बापाने नाही ऐकायचं?

आत्याला सांगून गाडी पाठवलीय.

जरा वेळाने
रेघ सरळ झाली. मी रिकाम्या बेडवर दोन्ही हात ठेवले आणि छाती दाबतात तसं दाबायला लागले. गादी गरम होती. गादी नव्हतीच ती. हाताखाली बरगड्या लागल्या. दर दाबाला रेघ उठत होती. डॉक्टर धावत आले. वेडी झालीस का, असं म्हणाले नाहीत. दमलीस की सांग म्हणाले.

परत
डॉक्टर दाबतायत. एकानेच दाबत राहिलं तर हात हलका पडतो, म्हणून आळीपाळीने करायचं. माझी विश्रांती चालू आहे. लिहितेय, नाहीतर किंचाळेन. फोन टेबलावर चालू ठेवलाय. आत्या म्हणते, निळे पडले होते, आता एक श्वास घेतला. म्हणजे पोचतंय. देवा, आमचे हात तिथवर पोचतायत!

मावशींनाही शिकवलं. गाडी नाक्यावर अडवलीय, पोलीस पास मागतायत—

पाचवर रेघ आली. दोनवर. एकवर—

सहाही.

मावशी विचारतायत त्यांच्याकडे कोण बघणार. बघू नका म्हटलं मी. असं म्हटलं मी—

एकवरची सरळ झाली. सहावरची. दोनवरची—

गाडी सुटली. आत्या ओरडून सांगतेय, वळणावर दिसतेय. थोडाच वेळ. अजून थोडाच—

पाचची चादर कुणीतरी घट्ट धरलीय. मूठ दिसतेय चादरीत. केवढीशी. तीन-चार वर्षांचं असेल—

मावशी तिकडे गेल्या. त्यांना एवढीशी छाती दाबता येत नाही. मोडतील बरगड्या. मला येतं. डॉक्टर बाबांवर, मोकळी फक्त मी—

डॉक्टरांचे हात हलके पडतायत. बाबांची रेघ खाली. डॉक्टर हाक मारतायत मला. मावशीही. उठलेय. बाबा, मी—