मामाजीचं दुपारचं औषध

अहो,

मी आर्वीले आईकडे चालली, परवा येईन. आईले काही झालं नाई, मीच थकली. तुमी दुपारी जिनिंग मिलवरून येईपर्यंत शेजारच्या कमलाबाई मामाजीजवळ बसतीन.

मामाजीले आता गोळी गिळता येत नाई, पाण्यात घोटून देली तरी ठसका लागते. म्हणून डॉक्टरसायबानं दुखण्यावरची बत्ती लिहून देली, ते शौचाच्या जागेतून द्या लागते. माठाजवळ गारव्यात ठेवली हाय, हातात जास्त वेळ धरली तर वितळते. त्यायले डाव्या कुशीवर झोपवा, वरचा पाय पोटाशी घ्या, बत्तीले पाणी लावून हळूच आत सरकवा. मग थोडा वेळ तसंच पडू द्या.

काल त्यायनं माह्या हातानं घेतली नाई. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, लाज वाटते." सुई देणारा कंपाउंडर देवळीवरून सोमवारीच येते. कालपासून मामाजी बिनऔषधाचे कण्हून राह्यले.

मी त्यायले सांगतलं, आज तुमचा पोरगा देईन. ते म्हणाले, "तो या खोलीत येत नाई."

मी म्हटलं, आज तो येईनच. मले खोटं पाडू नका.

पंचफुला