नेवेस्ता म्हणजे नवरी

ब्रॉसार्ड,
९ फेब्रुवारी २००९

प्रिय सीमा,

परवा फोनवर मी "सगळं छान" म्हणाले, ते खरं नव्हतं. हे शेजारीच बसले होते. म्हणून आता लिहिते आहे.

निवृत्त झाल्यापासून तुझे भावोजी एकाच शब्दामागे आहेत, तुला माहीतच आहे. नेवेस्ता, म्हणजे नवरी. दीडेक हजार वर्षांपूर्वीच्या स्लाव लोकांचा शब्द. लिहिलेला कुठेच नाही. रशियन, पोलिश, बल्गेरियन या त्या भाषेच्या लेकी ताडून पाहून पंडितांनी तो जुळवला. काहींच्या मते त्यात आपला 'नव' आहे, घरातली सगळ्यांत नवी ती. बरेच जण म्हणतात, 'ने' म्हणजे न, आणि पुढे आपल्या 'वेद'मधलं जाणणं. सासरी जिला कुणी ओळखत नाही ती. यांना नेहमी 'नव'च पटायचं. नोव्हेंबरपासून मात्र वहीत पानोपानी एकच ओळ दिसायला लागली: नेवेस्ता, अनोळखी बाई. मला वाटलं, मत बदललं असेल.

गुरुवारी सकाळी मी रिसायकलिंगचा डबा रस्त्याकडेला ठेवायला गेले. उणे बावीस होतं, पायांत नुसत्या सपाता. परतले तर दार आतून बंद. काचेतून हे बघत होते. मी दार वाजवलं, तर फ्रेंचमध्ये, अगदी अदबीने म्हणाले, मादाम, माझी बायको घरी नाही, नंतर या. मी मराठीत ओरडले, तेव्हा घाबरून त्यांनी साखळीही लावली. शेजारच्या लिझने मला आत ओढलं. बोटं बधिर झाली होती, आमच्या घरचा नंबर तिनेच फिरवला. माझा आवाज यांनी लगेच ओळखला. "अगं, आहेस कुठे? दारात कोणी बाई आली होती, घालवली मी तिला." घरी गेले, तर माझ्यासाठी चहा टाकला होता.

मार्चमध्ये मोठी तपासणी आहे. गंधारला एवढंच ठाऊक आहे, की बाबा विसरतात. बाकीचं कळलं तर तो रिचमंड हिलहून त्याच दिवशी निघेल आणि यांना कुठेतरी ठेवायचं ठरवूनच येईल.

काल पोळ्या लाटताना हे मागे येऊन उभे राहिले आणि मला वळून बघायचा धीर होईना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सीमा, मला यांची काळजी वाटते असं सगळ्यांना सांगते; पण खरं तर मला यांची भीती वाटते. मुलाला त्याच्या बापाबद्दल हे कसं सांगू? तू येशील का, निदान उन्हाळ्यापर्यंत? व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र सोबत आहे. अर्जात कारण विचारतील. लिही, बहीण घरी एकटी असते.

तुझीच,
शीलाताई