ओट्याखालची चौकट

४ मार्च

फट! ओटा पुसताना फडक्याचा कोपरा आत गेला म्हणून वाकून पाहिलं, तर सिंक आणि ग्रॅनाइट यांच्यामध्ये नख जाईल एवढी फट. काल नव्हती. की होती?

हे सिंक वरून ठेवलेलं नाही, दगडाच्या खालून चिकटवलेलं आहे. पांढरं, चिनी मातीचं, आणि जड तर असं की बसवताना ह्यांनी वॉचमनला हाताखाली घेतलं होतं. बॅटरी घेऊन खालच्या कपाटात डोकं घातलं. आत काही नाही! चौकट नाही, पट्टी नाही, साधा टेकूसुद्धा नाही. एवढं धूड नुसत्या सिलिकॉनवर लोंबकळतंय.

जन्मभर लोकांचे ओटे बसवले ह्यांनी. घरात कायम एकच टकळी – "सिलिकॉन पाणी अडवतं, वजन नाही अडवत. खाली चौकट हवीच." मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. आणि स्वतःच्या घरी चौकटच विसरले.

कपाटाचं दार लावलं आणि तिथेच फरशीवर बसून राहिले.

५ मार्च

त्यांना सांगायचं नाही. ठरलं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी घरी येऊन हे म्हणाले होते, "डोकं दगा देणार म्हणतात. देऊ दे. हात आहेत ना माझे शाबूत!" आणि दुसऱ्याच आठवड्यात हे सिंक घेऊन आले. गॅसवाला येवो, पेपरवाला येवो, प्रत्येकाला आत आणून दाखवतात – "बघा, सांधा दिसतोय का कुठे?" लोक बिचारे वाकून वाकून बघतात. आता मी कोणत्या तोंडानं सांगू की हातही विसरले म्हणून?

६ मार्च

स्टूल, त्यावर रिकामा पिठाचा डबा, त्यावर लेकीची दहावीची दोन जाडजूड गाईडं. टेकलं एकदाचं सिंकच्या बुडाला. तेव्हा नुसती धूळ खात होती गाईडं, आता कामाला आली!

मोठी पातेली बाथरूममध्ये घासते.

९ मार्च

लेकीचा फोन. चुकून बोलून गेले. झालं! "आई, प्लंबर बोलाव, काढून टाक ते सिंक. बाबांना सरळ सांग. त्यांना काय, दोन दिवसांत विसरतील."

विसरतील! म्हणून काय आज दुखवायचं का माणसाला? ठेवून दिला फोन. नंतर तिचाच मेसेज आला, "सॉरी आई." तीही रडली असणार. तिचं तरी काय चुकलं, लांबून जेवढं दिसतं तेवढंच ती बोलणार.

११ मार्च

आज धडकीच भरली. कपडे वाळत घालून आत आले तर हे ओट्यापुढे खाली बसलेले, कपाटाचं दार सताड उघडं.

"हा डबा इथे कशाला?"

"जागा कुठाय दुसरीकडे? तुमच्या हत्यारांनीच भरलंय सगळं घर!" उगाचच ओरडले.

हे बराच वेळ आत बघत राहिले. मग "बरं" म्हणाले, आणि दार हळूच लावून घेतलं. सुटले बाई!

सुटले म्हणते खरी. पण दोन वर्षांपूर्वीचा माणूस असता तर एका नजरेत ओळखलं असतं त्यानं, आणि घर डोक्यावर घेतलं असतं. मला तो आरडाओरडा हवा होता. फार हवा होता.

१२ मार्च

भाऊजींना फोन केला. ह्यांचे जुने भागीदार. दाराच्या चौकटीत मावत नाहीत, म्हणून ह्यांनी नाव ठेवलं बारक्या. म्हटलं, हे घरात नसताना यायला हवं, आणि ह्यांना कळता कामा नये. "येतो परवा सकाळी," एवढंच. काय, कुठे, कसं – काही नाही! कमी बोलायची सवयच आहे त्यांना.

आता ह्यांना घराबाहेर कसं काढायचं? फिरायचं नाव काढलं की ह्यांचे गुडघे दुखतात.

१४ मार्च

नशीब बघा! सकाळी आपणहून चपला घातल्या. "जरा फिरून येतो. उशीर होईल." मी बघतच राहिले. वॉचमनला लक्ष ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, कोपऱ्यावरच्या बाकावर बसलेत, काळजी करू नका.

ते वळले नाहीत तोच भाऊजी हजर. चौकट घरूनच कापून आणलेली – दोन उभ्या फळ्या, दोन आडव्या. "माप कसं कळलं हो?" "अंदाज, वहिनी." काय अंदाज म्हणायचा! केसभर इकडेतिकडे नाही. गाडीचा जॅक लावून सिंक हळूहळू वर घेतलं, जुनं सिलिकॉन खरवडलं, नवीन भरलं, खाली चौकट ठोकली. एवढा मोठा माणूस त्या कपाटात अर्धा घुसलेला, नुसते पाय बाहेर. हसू आलं मला. किती दिवसांनी आलं. जाताना चहासुद्धा घेतला नाही.

हे आले आणि दारातच थांबले. "आंबट वास कसला गं?"

"व्हिनेगरची बाटली सांडली."

"बरं."

ओल्या सिलिकॉनचा वास तो. ह्या वासात त्यांचं अख्खं आयुष्य गेलं, शर्टाला यायचा, उशीला यायचा. तोही ओळखला नाही! मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

१५ मार्च

सिलिकॉन वाळेपर्यंत सिंकमध्ये थेंब पडता कामा नये. म्हणून थाप मारली – नळाला पाणी नाही. हे बाथरूममध्ये गेले, साबण लावून खळाखळा हात धुतले, बाहेर येऊन टॉवेलला पुसत म्हणाले, "खरंच की, पाणी नाहीच आज."

मान हलवली.

१७ मार्च

मोठं पातेलं सिंकमध्ये घासलं! हे मागे उभे राहून बघत होते. मी वळून म्हटलं, "पक्कं बसवलंत हो सिंक." लहान मुलासारखे हसले.

२२ जुलै

पाना हातात घेऊन विचारत होते, हे काय असतं.

३० सप्टेंबर

आजपासून मी "ताई" झाले. "ताई, जरा पाणी देता?" दिलं. लग्नाच्या बायकोला ताई म्हणताय, लाज नाही वाटत का, म्हटलं. तेही हसले, मीही हसले. मग मला हसता येईना.

१९ नोव्हेंबर

भाऊजी येऊन गेले. ह्यांनी ओळखलं नाही. स्वयंपाकघरात येऊन भाऊजी ओट्याला धरून उभे राहिले, डोळे पुसत म्हणाले, "आता लपवून काय करू, वहिनी? तुमचा फोन आला त्याच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला होता. म्हणाला, 'बारक्या, चौकट राहिली रे माझ्याकडून. ती डबे लावून बसलीय खाली, आणि बाथरूममध्ये पातेली घासून पाठ मोडून घेतेय. चौदा तारखेला सकाळी मी बाहेर जाऊन बसतो, तू येऊन जा. मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस, एवढी धडपडतेय माझ्यासाठी.' मापं त्यानंच दिली."

मी आत गेले. ह्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "अहो, मला कळलं."

"बरं," म्हणाले.